दादांच्या कर्जाला जामीन राहायचं का? नीतिसूत्रांपुढे ठेवलेलं एक प्रकरण

रविवारची उपासना संपून लोक बाहेर पडत होते. तेवढ्यात मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका बंधूने आपल्या जुन्या स्नेह्याला उभ्या उभ्या शब्द देऊन टाकला: "दादा, तुम्ही काळजी करू नका. जामिनाची सही मी करतो." दादा वयाने मोठे, छपाईचा छोटा व्यवसाय करणारे. नव्या यंत्रासाठी त्यांना कर्ज हवं होतं आणि बँकेने जामीनदार मागितला होता. काही वर्षांपूर्वी या बंधूची नोकरी गेली तेव्हा दादांनी त्याचं घर सावरलं होतं. कुणाला न सांगता, परतफेडीचा विषयही न काढता. त्यामुळे नाही म्हणायचा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही. कागदांवर सही आठवड्याच्या शेवटी व्हायची होती.

घरी येऊन त्याने पत्नीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "रक्कम किती?" त्याला माहीत नव्हती.

दोन्ही कुटुंबांच्या संमतीने हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाची वचनं आपण भिंतीवर लावतो, मुलांकडून पाठ करून घेतो, पण खरा निर्णय पुढ्यात येऊन पडला की त्यांचं काय करायचं याचा सराव आपल्याला नसतो. मग जे वचन आपल्या मनासारखं बोलतं ते उचललं जातं.

हा बंधू आमच्या बायबल अभ्यासाला आला तेव्हा त्याच्या हातात वहीचं एक पान होतं. मधोमध उभी रेघ. डावीकडे नीतिसूत्रांतली 'सही कर' म्हणणारी वचनं (आधी अध्याय, मग वचनाचा आकडा): ३:२७, ११:२५, १७:१७, १९:१७. उजवीकडे 'करू नको' म्हणणारी: ६:१-५, ११:१५, १७:१८, २०:१६, २२:२६-२७, २७:१३. सहाव्या अध्यायाच्या आकड्याखाली पेनने इतक्या वेळा रेघ ओढली होती की कागद फाटायला आला होता. डावी बाजू मंडळीतल्या एका वडिलांनी (म्हणजे मंडळीच्या एका ज्येष्ठ पुढाऱ्याने) सुचवलेली, उजवी त्याच्या मेहुण्याने. दोघांनीही मनापासून मदत केली होती. "दोन्हीकडे देवाचंच वचन आहे," तो म्हणाला, "मग मी मोडू कोणतं?"

आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते पान बाजूला ठेवून सतरावा अध्याय उघडला. मित्र सर्व प्रसंगी प्रेम करतो आणि विपत्काळासाठी बंधू जन्माला येतो, हे सतरावं वचन. त्याच्या लगेच खाली अठरावं: अक्कल नसलेला मनुष्य हातावर हात मारतो आणि शेजाऱ्यासाठी जामीन होतो. वहीच्या पानावर ही दोन वचनं रेघेच्या दोन बाजूंना भांडत होती, बायबलमध्ये ती एकाखाली एक शांत बसली आहेत. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. हिज्कीया राजाच्या माणसांनी जुनी सूत्रं उतरवून घेतली असं २५:१ सांगतं. म्हणजे हा संग्रह जाणत्या हातांनी मांडलेला आहे. त्याच भागात २६:४ म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, आणि २६:५ म्हणतं, दे. मांडणाऱ्याला विसंगती दिसली नसेल हे शक्यच नाही. वाचणाऱ्याने थांबावं, समोरचा माणूस कोण आहे आणि वेळ कोणती आहे हे पाहावं, म्हणून ती अशी ठेवली आहेत. सतराव्या अध्यायातली जोडी मी तशीच वाचतो. मित्रावर सर्व प्रसंगी प्रेम कर, आणि जामीन राहणं हीच प्रेमाची एकमेव खूण समजू नको.

आता जामिनाबद्दल हा ग्रंथ एवढा कडक का, ते पाहायला हवं. नीतिसूत्रांत हा विषय सहा ठिकाणी येतो, आणि २०:१६ तर २७:१३ मध्ये जवळजवळ शब्दशः पुन्हा येतं. एवढं वारंवार बजावण्यामागे त्या काळचं जगणं होतं. हातावर हात मारला की व्यवहार पक्का. फेडता आलं नाही तर अंगावरचं वस्त्र जायचं, २२:२७ प्रमाणे पाठीखालचं अंथरुण जायचं, आणि गोष्ट तिथेच थांबेल याची खात्री नव्हती. २ राजे ४:१ मधल्या विधवेच्या दोन मुलांना सावकार गुलाम म्हणून न्यायला आला होता. नहेम्याच्या पाचव्या अध्यायातले लोकही हेच सांगत रडतात.

पण त्याच इस्राएलात गरीब भावाला बिनव्याजी उसनं द्यावं अशी आज्ञा होती (निर्गम २२:२५, लेवीय २५:३५-३७). गहाण घेतलेलं पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करायचं, गहाण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरायचं नाही, दाराबाहेर उभं राहायचं (अनुवाद २४:१०-१३). म्हणजे मदतीबद्दल शास्त्र हात आखडत नाही. ते सावध करतं एका विशिष्ट प्रकाराबद्दल: दुसऱ्याच्या व्यवहाराला, ज्याचा लगाम आपल्या हाती नाही, आपलं घरदार बांधून टाकणं.

इथे ३:२७ नीट वाचायला हवं होतं. वडिलांनी ते वचन दिलं ते अर्धंच: ज्याचं हित करणं योग्य आहे त्याचं करायला मागे सरू नको. पण वचनात पुढे अट आहे, ते करणं तुझ्या हाती असताना. पुढचं २८वं वचन तर म्हणतं की तुझ्याजवळ असेल तर शेजाऱ्याला 'जा, उद्या ये' म्हणू नको. दोन्ही वचनांचा रोख आज हातात असलेल्या गोष्टीवर आहे. जामीनदार मात्र आज काहीच देत नाही, तो उद्याचं देऊ करतो. पुढची कित्येक वर्षं आपली नोकरी टिकेल, तब्येत टिकेल, कर्ज घेणाऱ्याचा धंदा चालेल, हे सगळं गृहीत धरून तो सही करतो. आणि उद्याविषयी बढाई मारू नको असं २७:१ बजावतं. याकोबाने आपल्या पत्रात (४:१३-१५) व्यापाऱ्यांना तेच सुनावलं आहे. या बंधूच्या डोक्यावर स्वतःच्या घराचं कर्ज होतं, मुलं शिकत होती. दादांचे हप्ते थकले असते तर भरायला त्याच्याकडे खरोखर काही नव्हतं. त्याच्या सहीत प्रेम होतं, पण सहीमागे पैसा नव्हता. न दिलेल्या दानाची बढाई मारणारा म्हणजे पावसाविना ढग आणि वारा, हे २५:१४ ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

मग त्याच्या पत्नीने विचारलं, "पण शब्द दिलाय त्याचं काय?"

खरा पेच हाच होता. स्तोत्र १५:४ म्हणतं, देवाच्या डोंगरावर राहणारा माणूस स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेली शपथ बदलत नाही. तुमचं 'होय' ते होय असू द्या, हे तर प्रभूचंच शिकवणं. मेहुण्याचा सल्ला होता, फोन उचलू नको, आठवडा जाऊ दे, दादा दुसरा जामीनदार शोधतील. मला हा सल्ला मान्य नव्हता. विश्वासणाऱ्याने असं निसटणं ही दादांशी केलेली फसवणूकच झाली असती.

आम्ही ६:१-५ पुन्हा, या वेळी हळू, वाचलं. हे वचन जामीन राहू नको असं सांगतच नाही, ते आधीच शब्द देऊन बसलेल्याशी बोलतं. तू आपल्या तोंडच्या शब्दांनी सापडला आहेस, तू शेजाऱ्याच्या हाती गेला आहेस, तर आता जा, नम्र हो, त्याची विनवणी कर. डोळ्याला डोळा लागू देऊ नको. पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सूट. इथे जायचं कुणाकडे आहे हे महत्त्वाचं. ज्याला शब्द दिला त्याच्याकडेच. सुटका त्याच्या हातून मागायची आहे, आणि मागायची नम्रपणे, ताठ्याने नाही, सबबी सांगून तर मुळीच नाही. त्याने मोकळं केलं तर शब्द मोडला जात नाही, परत घेतला जातो. त्याने मोकळं केलं नाही तर मग स्तोत्र १५ समोर उभं राहतं आणि ते पाळावं लागलं असतं, असं मी त्या बंधूला स्पष्ट सांगितलं. त्याला ते जड गेलं. पण जायचं ठरलं, तेही त्याच रात्री, कारण वचनात झोपण्याआधी म्हटलं आहे.

याच चर्चेत गटातल्या एका तरुण भगिनीने एक मुद्दा मांडला आणि तो टाळून पुढे जाता येणार नव्हतं. इब्री ७:२२ मध्ये येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे. यहूदा आपल्या बापापुढे धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, जामीन राहिला (उत्पत्ती ४३:९). पौलाने फिलेमोनाला लिहिलं की तुझा दास अनेसिम तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वहस्ते लिहितो. "ख्रिस्त आपल्यासाठी जामीन राहिला," ती म्हणाली, "आणि आपण भावासाठी राहायचं नाही?"

तिच्या प्रश्नात जो जिव्हाळा होता तो मला गमवायचा नव्हता. म्हणून ही तिन्ही उदाहरणं आम्ही एकेक करून पाहिली. यहूदाने हमी दिली ती स्वतःच्या देहाची, आणि वेळ आल्यावर तो खरोखर पुढे होऊन 'मुलाच्या ऐवजी मला दास ठेवा' म्हणाला (४४:३३). पौलाने घेतलं ते आधीच घडून गेलेलं देणं. पुढे अनेसिम काय काय करील त्याची हमी त्याने दिली नाही. आणि ख्रिस्ताला आपलं देणं पूर्ण माहीत होतं, ते पूर्ण फेडण्याचं सामर्थ्य त्याच्यात होतं, आणि तो स्वतःहून, सगळं समजून पुढे झाला. तिघांपैकी एकानेही 'बघू, फेडायची वेळ यायची नाही' या आशेवर सही केली नाही. यातून एक कसोटी हाती लागते: ही सगळी रक्कम उद्या मलाच भरावी लागली तर मी ती भरू शकेन का, आणि भरल्यावर या माणसाविषयी माझ्या मनात कडवटपणा न येता ती दान म्हणून सोडून देऊ शकेन का? दोन्हींचं उत्तर होय असेल तर जामीन राहणं ख्रिस्ती प्रेमाचं सुंदर कृत्य होऊ शकतं, असं मी मानतो. या बंधूचं पहिलंच उत्तर नाही असं होतं. पौल करिंथकरांना लिहितो की जे आहे त्याप्रमाणे देणं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नव्हे; इतरांना स्वस्थता आणि तुम्हाला ताण व्हावा हा हेतू नाही (२ करिंथ ८:१२-१३). त्याच्या पत्नीने हे वचन वहीत उतरवून घेतलं.

इथे मंडळीबद्दल थोडं बोलायलाच हवं. त्या आठवड्यात दादांच्या कर्जाची गोष्ट प्रार्थनासभेत 'प्रार्थनेचा विषय' म्हणून मांडली गेली होती. मांडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण दादांना न विचारता त्यांच्या व्यवसायाची अडचण सगळ्यांपर्यंत पोचली, आणि जामीन कोण राहणार आहे हेही पोचलं. आता सही केली तर 'भोळा', नाही केली तर 'कृतघ्न', असा त्या बंधूवर चहूबाजूंनी दाब आला. आपला वाद शेजाऱ्याशीच कर, दुसऱ्याचं गुपित फोडू नको, असं २५:९ सांगतं. चहाडखोर गुपितं उघड करतो आणि विश्वासू मनाचा माणूस गोष्ट झाकून ठेवतो, हे ११:१३. ही वचनं आपण निंदानालस्तीसाठी राखून ठेवतो. डोळे मिटून, हात जोडून केलेल्या चहाडीलाही ती लागू आहेत. कुणाच्या पैशाची गोष्ट प्रार्थनेला मांडायची असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी, नाहीतर नाव न घेता देवाजवळ बोलावं. देवाला नाव माहीत असतं. हे मी आमच्या गटात त्याच आठवड्यात बोललो आणि काहींना ते आवडलं नाही.

रात्री नवरा-बायको दोघं दादांकडे गेले. पत्नीला सोबत न्यायचं हा त्याचा स्वतःचा निर्णय, आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटला. मसलतीवाचून बेत निष्फळ होतात (१५:२२), आणि ज्या घराचं अंथरुण पणाला लागणार त्या घरातल्या बाईला न विचारता झालेली मसलत अर्धीच.

आधी ऐकायचं असं ठरवून गेले होते. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणं मूर्खपणा आहे, हे १८:१३. दादांनी कागद दाखवले. तेव्हा कळलं की मागितलेल्या कर्जातला मोठा भाग यंत्रासाठी नव्हताच, तो जुनं कर्ज मिटवण्यासाठी होता. दादांनी काही लपवलं होतं असं नाही, कुणी विचारलंच नव्हतं. जामीनपत्रातली अटही त्या रात्री पहिल्यांदा वाचली गेली: कर्जदाराने हप्ता चुकवला की बँक जामीनदाराकडे थेट मागणी करू शकेल. आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी लागेल आणि मग आपल्याकडे येतील, अशी त्या बंधूची समजूत होती. अशी समजूत पुष्कळांची असते.

मग तो बोलला. त्याच्याच शब्दांत, नंतर त्याने सांगितलं तसं: "दादा, मी न विचारता, न मोजता शब्द दिला. फेडायची वेळ आली तर माझ्याकडे नाही. मला या शब्दातून मोकळं करा. तुम्ही मोकळं केलं नाही तर मी सही करीन, पण तुम्हाला खोटा आधार दिल्यासारखं होईल." पाठोपाठ पत्नीने एक पाकीट पुढे ठेवलं. दोघांनी मिळून ठरवलेली, त्यांना खरोखर परवडणारी रक्कम, उसनी नव्हे, दिलेली. तो नोकरीत हिशेबाचंच काम करतो, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी येऊन व्यवसायाची वही लावून द्यायची तयारीही दाखवली. आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घे, हे २७:२३ दादांना सुनवायचा मोह त्याला झाला होता. त्याने ते वचन तोंडाने न म्हणता हातांनी देऊ केलं.

दादांना राग आला. "जा, मोकळा आहेस तू," असं म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्यात मोकळेपणा नव्हता. पाकीट त्यांनी घेतलं नाही. पुढे काही आठवडे उपासनेनंतर दोघांत नमस्कारापलीकडे बोलणं झालं नाही. दुखावलेला भाऊ तटबंदीच्या नगरापेक्षा अवघड, हे १८:१९ किती खरं आहे ते त्या दिवसांत दिसलं. मित्राने केलेल्या जखमा विश्वासाच्या असतात (२७:६) हे वाचताना आपण बहुधा जखम करणाऱ्याच्या जागी असतो. जखम झालेल्याला विश्वास जाणवायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला द्यावा लागतो. या बंधूने तो दिला. खुलासे पाठवले नाहीत, मध्यस्थ घातले नाहीत, मंडळीत स्वतःची बाजू मांडली नाही. फक्त दर शनिवारी 'आज येऊ का?' एवढा निरोप पाठवत राहिला.

एका शनिवारी 'ये' असं उत्तर आलं. वही लावता लावता लक्षात आलं की दादांचे पैसे गिऱ्हाइकांकडेच अडकले होते. वसुलीसाठी तगादा लावायचा त्यांचा स्वभाव नव्हता. वसुली सुरू झाली, एक जुनं यंत्र विकलं गेलं, आणि शेवटी दादांनी पूर्वीपेक्षा बरंच लहान कर्ज नव्या यंत्राच्याच तारणावर घेतलं. पाकीटही नंतर स्वीकारलं. व्यवसाय पुढे कसा चालेल ते आज सांगता येत नाही.

म्हणून नीतिसूत्र खरं ठरलं असं मी म्हणणार नाही. दादांनी ठरल्याप्रमाणे मोठं कर्ज घेऊन ते वेळेवर फेडलं असतं, असंही होऊ शकलं असतं, आणि तरीही न मोजता दिलेला शब्द शहाणपणाचा ठरला नसता. नीतिसूत्रं जगाची सर्वसाधारण रीत सांगतात, प्रत्येक प्रकरणाचा निकाल लिहून देत नाहीत. ईयोबाच्या मित्रांनी तीच चूक केली. बोलले ते पुष्कळसं खरं बोलले, पण समोरच्या माणसाच्या दुःखावर ते सूत्रासारखं लावलं, आणि माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत असं देवाने त्यांना सुनावलं (ईयोब ४२:७). मूर्खाच्या तोंडचं सूत्र म्हणजे मद्यप्याच्या हातात शिरलेला काटा, हे २६:९ सूत्रांच्याच पुस्तकात आहे हे ध्यानात ठेवावं.

मंडळीतल्या त्या वडिलांचं मत अजून बदललेलं नाही. त्यांच्या मते उपकाराची जाण ठेवून सही करायला हवी होती, पुढचं देवाने पाहिलं असतं. मी त्यांचा आदर करतो, कारण त्यांनी स्वतः आयुष्यात असं केलं आहे आणि दुसऱ्याचं कर्ज हूं की चूं न करता फेडलं आहे. ते देऊ शकत होते म्हणून त्यांचं करणं प्रेम ठरलं. पण आपल्या सामर्थ्याचं माप ते दुसऱ्याला लावतात, तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही.

हे प्रकरण गटात मांडल्यावर आधीच सही करून बसलेले दोघं-तिघं नंतर एकेकटे येऊन भेटले. सहाव्या अध्यायातलं वचन मुळात त्यांच्यासाठीच आहे, आणि ते आजही जसंच्या तसं अमलात आणता येतं. जामीनपत्राची प्रत मिळवा आणि पूर्ण वाचा. कर्ज किती शिल्लक आहे, हप्ते वेळेवर जात आहेत का, हे बँकेकडून आणि कर्जदाराकडून विचारून घ्या. विचारण्यात अविश्वास नाही. कर्ज वाढवताना किंवा नवं करताना पुन्हा सही मागितली तर तिथे थांबा. जामीन बदलता येतो का, त्याऐवजी तारण देता येतं का, हे कर्जदाराबरोबर जाऊन विचारा. आणि घरी अजून सांगितलं नसेल तर आज रात्री सांगा.